टमी टक करायचा विचार आहे? अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी एवढं माहिती करून घ्या

रील उघडतं. डावीकडे लोंबणारं पोट, उजवीकडे सपाट पोट. मागे गाणं वाजतंय आणि खाली लिहिलंय, 'दोन बाळंतपणांनंतरही शक्य आहे. किंमत जाणून घेण्यासाठी मेसेज करा.' तुम्ही एकदा थांबून बघता. मग अल्गोरिदम तुम्हाला तशीच आणखी दहा रील दाखवतो. चौथ्या दिवशी तुम्ही खरंच मेसेज करता.

हे फक्त मुंबई-पुण्यात होतं असं समजू नका. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकुरवाडी नावाची एक नाही, बऱ्याच वाड्या आहेत. काही रस्त्याला लागून, काही डोंगराच्या कुशीत. तिथेही आता हातात स्मार्टफोन आहे आणि तेच रील तिथेही पोहोचतं.

म्हणून एक उदाहरण धरून चालू. समजा, अशाच एका ठाकुरवाडीतली पस्तिशीची ताई आहे. दोन मुलं, दोन्ही वेळा सिझेरियन. सकाळी पाणी भरायचं, मग फार्महाऊसवर स्वयंपाकाचं काम, पावसाळ्यात भातलावणी. धाकटा मुलगा आता सहा वर्षांचा, तरी तिचं पोट पुढे आलेलंच. बाजारात कुणीतरी विचारतं, 'कितवा महिना?' आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिने एका क्लिनिकला मेसेज केला. उत्तर आलं, 'ऑफर फक्त या महिन्यापुरती. हप्त्यांची सोय आहे.'

या ताईने अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी काय काय विचारायला हवं? तेच आपण नीट समजून घेऊ.

टमी टक म्हणजे नेमकं काय?

डॉक्टरी भाषेत याला अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी म्हणतात. यात साधारण तीन कामं होतात.

पहिलं, बेंबीच्या खालची सैल, लोंबणारी त्वचा आणि तिच्याखालची चरबी कापून काढतात. दुसरं, गरोदरपणात ताणून एकमेकांपासून लांब गेलेले पोटाचे उभे स्नायू टाके घालून पुन्हा जवळ आणतात. तिसरं, वरची त्वचा खाली ओढून शिवतात आणि बेंबीसाठी नव्या जागी छेद देतात. बेंबी तीच राहते, फक्त तिच्याभोवतीची त्वचा बदलते.

हे सगळं पूर्ण भूल देऊन होतं आणि त्याला साधारण दोन ते चार तास लागतात. छेद ओटीपोटावर असतो, बहुतेकदा कमरेच्या एका हाडापासून दुसऱ्या हाडापर्यंत. म्हणजे सिझेरियनच्या छेदापेक्षा बराच लांब. ही खूण कायम राहते. पहिले काही महिने ती लालसर आणि जाड दिसते, मग फिकी पडत जाते, पण त्याला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं. काहींच्या त्वचेवर जखमेचा व्रण फुगून वर येतो. तुमच्या आधीच्या टाक्यांचं किंवा कान टोचल्याचं असं झालं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

त्वचा थोडीच सैल असेल आणि तीही फक्त बेंबीखाली, तर 'मिनी टमी टक' करतात. खूप वजन उतरल्यावर त्वचा कमरेभोवती लोंबत असेल तर छेद मागेपर्यंत न्यावा लागतो. कुणाला काय लागेल हे फोटो पाठवून ठरत नाही, डॉक्टरांनी हात लावून तपासावं लागतं.

लायपोसक्शन वेगळं, बरं का

रीलमध्ये दोन्हींची सरमिसळ होते. लायपोसक्शनमध्ये बारीक छेदातून नळी घालून चरबी ओढून काढतात. त्याने सैल त्वचा घट्ट होत नाही आणि लांब गेलेले स्नायूही जवळ येत नाहीत. अनेकदा दोन्ही एकत्र करतात. पण एकत्र केलं की शस्त्रक्रियेचा वेळ वाढतो आणि धोकाही वाढतो.

आणि सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे टमी टकने वजन कमी होतं. ही वजन उतरवायची शस्त्रक्रिया नाही. त्वचा आणि चरबी मिळून जेवढं निघेल तेवढंच वजन कमी होईल. वजन आधी उतरवायचं, ते किमान सहा महिने स्थिर ठेवायचं आणि मग या शस्त्रक्रियेचा विचार करायचा, असा क्रम आहे.

पोट पुढे येण्याचं आणखी एक कारण म्हणजे आतली चरबी. ती आतड्यांभोवती साठते. पुरुषांचं टणक, गोल पोट बहुतेक वेळा असंच असतं. एक ढोबळ कल्पना अशी, की जे चिमटीत धरता येतं ते त्वचेखालचं. चिमटीत येत नाही आणि पोट तरीही पुढे आहे, तर कारण आत आहे. तिथे टमी टकचा उपयोग नाही. तिथे आहार, चालणं आणि साखर-रक्तदाबाची तपासणी लागते.

आधी हे ठरवा: पोट सुटलंय की पोटाला काही झालंय?

रीलमध्ये हा भाग कधीच येत नाही, आणि आपल्या ताईसाठी सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे. बाळंतपणानंतर पुढे आलेल्या पोटामागे वेगवेगळी कारणं असू शकतात.

स्नायू फाकणं. बाळ वाढतं तसे पोटाचे दोन उभे स्नायू बाजूला सरकतात. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचे ते हळूहळू जवळ येतात, काहींचे येत नाहीत. घरी अंदाज घेता येतो. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, डोकं आणि खांदे थोडे उचला आणि बेंबीच्या वर-खाली बोटं आडवी दाबून बघा. मध्ये दोन बोटांहून जास्त रुंद खळगा लागला तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. योग्य व्यायामाने बऱ्याच जणींना फरक पडतो. पण यूट्यूब बघून उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम सुरू करू नका, चुकीच्या व्यायामाने ताण वाढू शकतो.

हर्निया. सिझेरियनच्या किंवा दुसऱ्या जुन्या छेदाच्या जागी पोटाची भिंत कमकुवत होते आणि आतली चरबी किंवा आतडं बाहेर डोकावतं. बेंबीतही होतो. ओळखायची खूण म्हणजे खोकलं, शिंकलं किंवा वजन उचललं की फुगवटा येतो आणि आडवं झालं की आत जातो. हा आजार आहे, सौंदर्याचा प्रश्न नाही. फुगवटा अचानक कडक झाला, खूप दुखू लागला, आत जाईना आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी रात्र काढायची नाही, लगेच रुग्णालय गाठायचं.

इतर कारणं. गर्भाशयातली गाठ, अंडाशयातली गाठ, पोटात साठलेलं पाणी. पोट थोड्या दिवसांत वाढलं, भूक लवकर भागते, पाळीत बदल झालाय, वजन उतरतंय पण पोट वाढतंय, यातलं काहीही असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञ आणि सोनोग्राफी.

महाराष्ट्रात हे किती महत्त्वाचं आहे ते एका आकड्यावरून कळेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) राज्यातली २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. म्हणजे चारात एक. त्या प्रत्येकीच्या पोटावर छेद आहे. 'पोट सुटलंय' म्हणून सोडून देण्याआधी त्या छेदाची तपासणी करून घ्यायला हवी.

आणि इथे पैशांचाही प्रश्न येतो. सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च तुमचा तुम्हालाच करावा लागतो. आजारावरच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र सरकारी रुग्णालय आहे, विमा आहे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये ही योजना राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत रायगड होता. आता तिच्यात कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमच्या आजाराची शस्त्रक्रिया योजनेत बसते का आणि कुठल्या रुग्णालयात होते, हे योजनेतल्या रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात.

म्हणजे आपल्या ताईला हर्निया असेल, तर ती ज्याला 'टमी टकची ऑफर' समजून कर्ज काढायला निघाली होती, त्याआधी तिला कर्जतच्या उपजिल्हा रुग्णालयात एकदा सर्जनला दाखवायला हवं.

मग टमी टक कुणी करावी, कुणी थांबावं?

चांगल्या उमेदवाराची लक्षणं साधी आहेत. वजन स्थिर, तब्येत ठीक, पुढे मूल नको, आणि अपेक्षा वास्तवातल्या. ज्यांनी खूप वजन उतरवलंय आणि लोंबणाऱ्या त्वचेच्या घडीत सतत खाज, ओल, जखमा होतात, त्यांना तर या शस्त्रक्रियेचा खरंच आराम मिळतो.

या परिस्थितीत मात्र थांबलेलं बरं:

- पुढे मूल हवं असेल. नंतर गर्भ राहिला तर सहसा बाळाला धोका नसतो, पण शिवलेले स्नायू आणि त्वचा पुन्हा ताणली जाते. केलेला खर्च आणि सोसलेलं दुखणं पाण्यात.
- बाळंतपणाला अजून वर्ष झालं नसेल किंवा बाळ अंगावर पीत असेल. शरीर अजून पूर्ववत होतंय. 'सिझेरियनच्या वेळीच पोटही आवळून देतो' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. त्या वेळी त्वचा आणि स्नायू ताणलेले असतात, गर्भाशय मोठं असतं, निकाल नीट येत नाही आणि धोका वाढतो.
- मधुमेह ताब्यात नसेल. जखम भरत नाही, जंतुसंसर्ग होतो.
- रक्त कमी असेल. याच सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. म्हणजे दर दोघींत एक. हिमोग्लोबिन न तपासता तारीख देणाऱ्या क्लिनिकमधून सरळ उठून या.
- पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, किंवा घरात कुणाला झाली असेल.
- तंबाखूची सवय असेल.

शेवटच्या मुद्द्यावर थोडं थांबू. डॉक्टर विचारतात, 'सिगारेट ओढता का?' आणि बायका खरं तेच सांगतात, 'नाही.' पण मिश्रीचं काय? मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूतलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. टमी टकमध्ये पोटाची मोठी त्वचा खालून सोडवलेली असते आणि तिला उरलेल्या वाहिन्यांतूनच रक्त मिळतं. तिथे रक्त कमी पडलं की त्वचेचा तुकडा काळा पडून मरू शकतो. म्हणून सिगारेट, बिडी, गुटखा, मिश्री, सगळंच शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधी आणि नंतरही तितकेच दिवस बंद. सवय असेल तर लाजू नका, सांगा. लपवण्याची किंमत जखमेला मोजावी लागते.

हेच गोळ्यांचं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, अ‍ॅस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, वैदूने दिलेलं झाडपाल्याचं औषध, सगळ्याची यादी डॉक्टरांना द्या. काहींनी रक्तस्राव वाढतो, काहींनी गुठळीचा धोका. पण चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

धोके कोणते?

ही शस्त्रक्रिया रोज कुठे ना कुठे होते आणि बहुतेक लोक बरे होऊन घरी जातात. पण ती मोठी शस्त्रक्रिया आहे, पार्लरमधली ट्रीटमेंट नाही.

नेहमी दिसणारा त्रास म्हणजे त्वचेखाली पाणी साठणं. त्यासाठीच कधी कधी काही दिवस पोटाला बारीक नळ्या लावून ठेवतात आणि पट्टा बांधायला लावतात. रक्त साठणं, जंतुसंसर्ग, जखम उसवणं, त्वचेचा कडेचा भाग मरणं हेही होऊ शकतं. बेंबीखाली बधिरपणा बहुतेकांना येतो. तो काही महिन्यांत कमी होतो, काहींचा थोडा कायम राहतो. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या दिसतीलच असं नाही, कधी दुसरी छोटी शस्त्रक्रिया लागते.

सगळ्यात गंभीर धोका म्हणजे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. हे क्वचित होतं, पण जीवघेणं ठरतं. म्हणून शस्त्रक्रियेनंतर लवकर उठवून चालायला लावतात.

मे २०२२ मध्ये बेंगळुरूत कन्नड मालिकांमधली अभिनेत्री चेतना राज हिचा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मृत्यू झाला. वय अवघं २१. तिच्या आई-वडिलांनी निष्काळजीपणाचा आरोप केला. तिने घरी न सांगता मैत्रिणीला सोबत घेऊन शस्त्रक्रिया करून घेतली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं. त्या प्रकरणात चूक कुणाची, हा न्यायालयाचा विषय. आपल्यासाठी त्यातून दोन प्रश्न उरतात. काही बिघडलं तर त्या इमारतीत अतिदक्षता विभाग आहे का? आणि तुम्ही तिथे आहात हे घरच्यांना माहीत आहे का?

डॉक्टर खरा कसा ओळखायचा?

भारतात प्लास्टिक सर्जन व्हायला एमबीबीएसनंतर सहसा तीन वर्षं जनरल सर्जरी आणि मग तीन वर्षं प्लास्टिक सर्जरी करावी लागते. नावापुढे एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरी) किंवा डी.एन.बी. (प्लास्टिक सर्जरी) अशी पदवी दिसायला हवी. नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन', 'एस्थेटिक एक्सपर्ट' किंवा परदेशातल्या चार दिवसांच्या कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे ती पदवी नव्हे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये एस्थेटिक प्रक्रियांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघून शिकणं हे पुरेसं प्रशिक्षण नाही, असं आयोगाला लिहावं लागलं. म्हणजे प्रकार किती वाढलेत ते बघा.

आपल्याकडे ही विद्या नवखी नाही. कापलेलं नाक कपाळाच्या त्वचेने पुन्हा घडवल्याची पुण्याकडची हकीकत १७९४ मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली आणि तिथल्या सर्जननी त्यावरून धडे घेतले. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी कुष्ठरुग्णांचे हात, चेहरे दुरुस्त केले आणि पुढे याच रायगडमधल्या मांडव्यात गावपातळीच्या आरोग्याचं काम उभं केलं. सांगायचा मुद्दा हा, की प्लास्टिक सर्जरी ही शिकून, वर्षानुवर्षं हात बसवून करायची गोष्ट आहे.

पहिल्या भेटीत हे विचारा:

१. तुमचा नोंदणी क्रमांक काय? तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर तपासा.
२. शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः करणार की दुसरं कुणी? भूल देणारे तज्ज्ञ कोण?
३. कुठे होणार? त्या रुग्णालयाची नर्सिंग होम म्हणून नोंदणी आहे का? रक्ताची आणि अतिदक्षतेची सोय काय?
४. मला यातलं नेमकं काय लागेल, आणि काहीच केलं नाही तर काय होईल?
५. रात्री दोन वाजता त्रास झाला तर फोन कोण उचलणार?
६. पुन्हा शस्त्रक्रिया लागली तर खर्च कुणाचा?

प्रश्न विचारल्यावर चिडणारे डॉक्टर आणि सगळ्याला 'काही होत नाही हो' म्हणणारे डॉक्टर, दोघांकडूनही परत या. पहिल्या भेटीत डॉक्टर भेटलेच नाहीत, फक्त 'कौन्सेलर' भेटले आणि त्यांनी अ‍ॅडव्हान्स मागितला, तर पैसे देऊ नका.

रीलमधल्या बिफोर-आफ्टर फोटोंबद्दलही सावध राहा. उजेड, उभं राहण्याची ढब, श्वास आत ओढणं, एवढ्यानेही फोटो बदलतो. डॉक्टरांच्या आचारसंहितेनुसार (२००२) जाहिरात करून रुग्ण ओढणं हे गैरवर्तन मानलं जातं. तेव्हा सवलतीची ऑफर हे कौशल्याचं लक्षण समजू नका.

दुसरं मत हवं असेल तर मुंबईत जे. जे., केईएम, सायन आणि नायर या रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. तिथल्या ओपीडीत रांग लांब असते, पण तिथे कुणाला तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं.

खर्चाचा खरा हिशोब

खासगीत हा खर्च साधारण लाख-दीड लाखापासून सुरू होतो आणि तीन लाखांच्या पुढेही जातो. शहर, रुग्णालय आणि शस्त्रक्रियेचा आवाका यावर तो ठरतो. पण सांगितलेला आकडा शेवटचा असतो का, हे विचारा.

उपचारांवर एरवी जीएसटी नसतो. पण केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला ही सूट नाही, तिथे १८ टक्के लागतो. म्हणजे दोन लाखांच्या बिलावर ३६ हजार वेगळे. आरोग्य विम्याच्या पॉलिसीत कॉस्मेटिक शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग किंवा डॉक्टरांनी लेखी दिलेली वैद्यकीय गरज असेल तरच अपवाद. कॉस्मेटिक शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली तर तो खर्चही विमा कंपनी नाकारू शकते. आधीच लेखी विचारून घ्या.

त्यावर तपासण्या, औषधं, पट्टा, फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेली मजुरी धरा. रोजंदारीवर काम असेल तर हा शेवटचा आकडाच सगळ्यात मोठा ठरू शकतो. आणि हप्त्यावर घेतलेलं कर्ज निकाल आवडला नाही तरी फेडावंच लागतं.

नंतरचे सहा आठवडे: इथे खरी परीक्षा

शस्त्रक्रिया दोन-चार तासांची, पण ती निभावून न्यायला सहा आठवडे लागतात. सहसा एक-दोन रात्री रुग्णालयात. पहिले काही दिवस कंबरेत वाकून चालावं लागतं, सरळ उभं राहिलं की टाके ओढतात. झोपताना पाठीखाली आणि गुडघ्यांखाली उशा. पट्टा काही आठवडे. बसून करायच्या कामावर बरेच जण दोन-तीन आठवड्यांत परततात. वजन उचलणं आणि पोटावर ताण येणारं काम मात्र साधारण सहा आठवडे बंद.

आता हे आपल्या ताईच्या दिवसाला लावून बघा. भरलेला हंडा पंधरा किलोच्या आसपास जातो. डोक्यावर मोळी, कडेवर मूल, वाकून भातलावणी, वाडीची चढण. यातलं काहीही सहा आठवडे चालणार नाही. मग पाणी कोण भरेल? चूल कोण बघेल? नवरा, सासू, बहीण यांच्यापैकी कुणी हे आधी कबूल केलंय का? शहरातल्या नोकरदार बाईलाही हाच प्रश्न आहे, फक्त हंड्याच्या जागी दोन वर्षांचं मूल आणि ऑफिसची बॅग धरा.

वेळही बघून ठरवा. जून-जुलै म्हणजे लावणी, त्यात घाटाकडचा पाऊस. वाडीचा रस्ता बंद झाला आणि त्याच रात्री ताप चढला तर काय? पावसाळ्यात जखम कोरडी ठेवणंही अवघड. शेतीची कामं संपल्यावरचे थंडीचे दिवस त्यामानाने सोयीचे.

अंतराचाही विचार करा. कर्जतपासून सीएसएमटी शंभर किलोमीटरच्या आसपास, लोकलने दोन तासांहून जास्त. नळ्या लावलेल्या पोटाने गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहता येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत ड्रेसिंग, नळी काढणं, तपासणी अशा फेऱ्या होतात. एकतर रुग्णालयाजवळ नातेवाइकाकडे राहा, नाहीतर गाडीचा खर्च धरा. लांबच्या प्रवासात मध्ये उतरून चाला, बसून राहिल्याने गुठळीचा धोका वाढतो.

ही लक्षणं दिसली तर वाट बघू नका, १०८ ला फोन करा किंवा जवळचं रुग्णालय गाठा:

- अचानक धाप लागणं, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त
- एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं
- थंडी वाजून ताप, जखमेतून पू किंवा दुर्गंधी
- त्वचा काळी-निळी पडणं
- पोट अचानक फुगणं, ड्रेसिंग रक्ताने भिजणं

सही करण्याआधी

संमतीपत्र म्हणजे नुसता फॉर्म नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ ला समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं. तिने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती, पण ती भुलीत असताना आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढण्यात आलं. न्यायालय म्हणालं, एका गोष्टीची संमती म्हणजे दुसऱ्या गोष्टीची संमती नाही. जीव वाचवायची तातडी असेल तरच अपवाद. म्हणजे फक्त टमी टकला हो म्हटलं असेल तर 'झोपलीच होती म्हणून मांड्यांचंही केलं' हे चालत नाही.

संमतीपत्र इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा. काय करणार, धोके कोणते, पर्याय कोणते, हे कळल्याशिवाय सही करू नका. उपचाराचे कागद मागितल्यावर ७२ तासांत देणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. आणि १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते. त्यामुळे तक्रार करता येते, पण त्यासाठी प्रत्येक पावती जपून ठेवा.

आणि शेवटचा प्रश्न

हे कुणासाठी करायचंय? कुणी टोमणा मारला म्हणून, नवरा म्हणाला म्हणून, की स्वतःला बरं वाटावं म्हणून? स्वतःसाठी हवं असेल, तब्येत साथ देत असेल आणि पैसा-माणसांची सोय असेल, तर टमी टक करण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. दुसऱ्याच्या नजरेसाठी करत असाल तर थोडं थांबा. ती नजर पोट सपाट झाल्यावर दुसरं काहीतरी शोधेल.

आपल्या ताईला आता काय सांगायचं? क्लिनिकच्या मेसेजला आज उत्तर देऊ नकोस. आधी पोट तपासून घे, खोकून दाखव, हिमोग्लोबिन बघ. आजार निघाला तर त्यावरचा उपचार वेगळा आहे आणि त्यासाठी कर्ज काढायची गरज कदाचित पडणारही नाही. आजार नसेल तर मग सावकाश बसून ठरव. महिन्याअखेरची ऑफर गेली तरी बिघडत नाही, पुढच्या महिन्यात ती पुन्हा येतेच.